कोंडवाड्यातली शाळा

"आज म्हैस घेतली मी," तव्यावरची भाकर उलटता उलटता भागीरथाबाईंनी सांगितलं. "आता तुमची बदली झाली त तुमी एकटेच जाजा. मी अन् म्हैस इथंच राहू."

भैयाजी मास्तरांनी उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला. बायको भांडी आपटून बोलली तर मास्तरांना काही वाटत नसे. ती अशी हळू आवाजात, भाकरीकडे बघत बोलली की त्यांना जेवण जात नसे. आणि तिचं तरी काय चुकत होतं? लग्न झाल्यापासून त्या बाईने सहा गावांत चूल मांडली होती. प्रत्येक गावात परसात वांगी लावायची, वांग्यांना फूल धरलं की बदलीचा हुकूम यायचा, आणि वांगी पुढच्या मास्तरांची बायको खायची. खैरपांजऱ्यात मात्र तिचा जीव रमला होता. सेलूपासून दोन कोसांवरचं गाव, विहिरीला गोड पाणी, आणि सकाळी भांडून संध्याकाळी विरजण मागायला येणारी शेजारीण. आजवर मास्तरांच्या घरात पेटीत मावणार नाही अशी वस्तू कधी आली नव्हती. आता एकदम म्हैस आली होती.

"बदलीचं कोनं सांगतलं तुले?" मास्तरांनी विचारलं.

"सारं गाव बोलून राह्यलं. शाळा तपासाले डिप्टीसायेब येनार हायेत म्हनते. पोट्टे नाई दिसले त शाळा बंद, अन् तुमाले आर्वीकडं धाडून देतीन. गावाले माहीत हाये, मास्तरनीले तेवढं माहीत नसावं का?"

बातमी खरी होती. मास्तरांनी ती घरात काढली नव्हती, एवढंच. खैरपांजऱ्याची शाळा बंद करून ती नाल्यापलीकडच्या शाळेला जोडायची, असं वरच्यांच्या मनात घोळत होतं. पावसाळ्यात नाला भरला की बैलसुद्धा पलीकडे जायला मान हलवत, तिथं पहिलीतली पोरं काय जाणार होती?

खरं म्हणजे सकाळी शाळा चांगली भरत असे. सगळे हजर, सगळ्यांच्या पाट्या पुसलेल्या. बिघडायचं ते नंतर. शाळा चावडीच्या पडवीत होती. पडवीला एका बाजूला भिंत, तीन बाजूंना खांब, आणि खांबांच्या पलीकडे सगळं जग मोकळं पडलेलं. त्यात दिवस मार्गशीर्षाचे. तुरीच्या शेंगा भरलेल्या, बोरी लगडलेल्या, आणि पडवीसमोरूनच कापसाच्या बैलबंड्या सेलूच्या जिनाकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघालेल्या. कापसाच्या बंडीला मागून लोंबकळायचं आणि नाल्यापर्यंत फुकट जायचं, ह्या सुखापुढे तिसरीचं पुस्तक काय टिकणार.

"गुर्जी, पानी पिऊन येतो," असं म्हणून एक जण उठे. तो परत आला नाही की मास्तर त्याला आणायला दुसऱ्याला पाठवत. दुसरा पहिल्याला भेटे आणि दोघांना बोरं सापडत. मग त्या दोघांना आणायला मास्तर वर्गातला सगळ्यात शहाणा मुलगा पाठवत, आणि शहाणा असल्यामुळे तोही परत येत नसे. दुपारपर्यंत पडवीत मास्तर, हिंदुस्थानचा नकाशा आणि भिंतीला टेकून झोपलेलं पहिलीतलं एखादं पोर, एवढाच सरंजाम उरे.

मास्तरांनी उपाय करून पाहिले नव्हते असं नाही. पोरांच्या टोप्या जमा करून ठेवल्या, तर पोरं बोडक्याने गेली. खांबांच्या मधे तुराट्यांचा कुड घातला, तर दोन दिवसांत सगळा कुड गावातल्या चुलींत गेला. बापांना जाऊन सांगितलं, तर प्रत्येक बाप हात जोडून एकच बोलला, "गुर्जी, आमी त पोट्टं तुमच्या हवाली केलं. आता तुमचं तुमी पाहा." आणि बैलांच्या पाठीवर थाप मारून वावराकडे निघून गेला.

भाकर अर्धी टाकून मास्तर उठले आणि थेट सरपंच अण्णाजींच्या ओसरीवर गेले. अण्णाजी सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अण्णाजींचं डोकं चालू लागलं की अडकित्ता थांबत असे. तो थांबला होता.

"गुर्जी," शेवटी ते म्हणाले, "गावात चारी बाजूनं भिंत असलेली जागा एकच हाये. कोंडवाडा. अन् तो खाली पडला हाये."

"कोंडवाड्यात शाळा?"

"काऊन नाई? मधात निंबाची सावली हाये. भिंत मानसाच्या वर, तिच्यावर बाभळीच्या काट्या. फाटक एक, कुलूप एक. शेनानं सारवून घेतलं की झालं. अन् चिंधू राखनीले हायेच. त्याच्या हातून आजवर गोऱ्हा सुटला नाई, तुमचे पोट्टे काय सुटतीन?"

चिंधू म्हणजे कोंडवाड्याचा राखणदार. गावाची चुकार ढोरं कोणाच्या पिकात शिरली की धरून आणायची, आत घालायची आणि धनी येईपर्यंत सोडायची नाहीत, हे त्याचं काम. किल्ली त्याच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली असे आणि आंघोळीलाही ती निघत नसे. मागच्या वर्षी खुद्द अण्णाजींचा बैल त्याने कोंडला होता. सरपंचाचा बैल म्हणून सालदाराच्या हाती तो सोडला नाही. अण्णाजींना स्वतः यावं लागलं, फाटकाशी उभं राहून बैलाची खूण सांगावी लागली, तेव्हा बैल सुटला. अण्णाजींना त्याचा राग यायला हवा होता, पण त्यांनी उलट ती गोष्ट सेलूच्या बाजारापर्यंत अभिमानाने सांगितली. "आपल्या गावात कायदा सरपंचालेबी सुटत नाई," असं ते म्हणत. त्या धसक्याने गावाने आपापली ढोरं दाव्याला बांधली, कोंडवाडा ओस पडला, आणि चिंधू रिकाम्या फाटकापुढे दिवसभर तंबाखू मळत बसू लागला. शाळा येणार म्हटल्यावर तो इतका खूश झाला की त्याने स्वतःच सडा घातला.

पहिला दिवस मास्तरांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस होता. पोरं आत आली, चिंधूने कुलूप घातलं, आणि दुपारीही पोरं तिथंच होती. मास्तरांना दुपारी शिकवायची सवय राहिली नव्हती. भागाकार सांगता सांगता ते मधेच थांबून पोरांकडे पाहत आणि पुन्हा सांगू लागत. पाच वाजता त्यांनी घंटा वाजवली आणि फाटकाशी येऊन म्हणाले, "चिंधू, सोड आता."

चिंधू जागचा हलला नाही. "धनी कोठी हायेत?"

"कोनाचे धनी?"

"याइचे."

"अरे, हे पोट्टे हायेत."

"दिसून राह्यलं मले. पन कोंडवाड्यात हायेत ना? धनी आल्याबगर अन् खून सांगतल्याबगर मी आजवर काई सोडलं नाई, गुर्जी. आज सोडलं त उद्या लोकं म्हनतीन, चिंधूनं मास्तरचं तोंड पाहून सोडलं."

मास्तरांनी अण्णाजींना बोलावलं. अण्णाजींनी समजावलं, दटावलं, पण चिंधूने हात जोडून मागच्या वर्षीच्या बैलाची आठवण काढली. ज्या गोष्टीचं त्यांनी बाजारभर कौतुक सांगितलं, तिच्यावर आता पाणी कसं सोडणार? "कायदा म्हनजे कायदा," असं पुटपुटत त्यांनीच वावरावावरांत माणसं पाठवून बापांना बोलावणं धाडलं.

बाप आले. हातात विळे, डोक्याला कापसाचे तंतू. सगळ्यात पुढे होता रामाजी.

"माहा पोट्टा दे," तो म्हणाला.

"खून सांग," चिंधू म्हणाला.

"चंद्रभान नाव त्याचं."

"नाव त कोनीबी सांगन. खून सांग."

रामाजीने डोकं खाजवलं. "दोन पाय हायेत," तो म्हणाला.

"साऱ्याइलेच दोन हायेत."

गर्दी हसली. रामाजी घामाघूम झाला. आपल्या दोन्ही बैलांच्या अंगावरचा एकेक भोवरा तो झोपेत सांगू शकला असता. पण पोराकडे त्याने असं न्याहाळून कधी पाहिलंच नव्हतं. सकाळी तो वावरात जायचा तेव्हा पोर झोपलेलं आणि परतायचा तेव्हाही झोपलेलं. फाटकाच्या आडव्या बल्ल्यांमधून चंद्रभान बापाकडे टक लावून पाहत होता. बापाला काय सांगता येतं, ह्याची त्यालाही उत्सुकता होती.

शेवटी त्याची आई तानाबाई धावत आली. "डाव्या भिवईवर वण हाये, झुल्यावरून पडलता तवाचा. उजव्या कानामागं तीळ. झोपेत दात खाते," एका दमात ती म्हणाली. चिंधूने पोराचा कान वाकवून तीळ पाहिला आणि कुलूप काढलं. दात खाण्याचं त्याने विश्वासावर धरलं.

त्या दिवशी बहुतेक पोरं आयांनीच सोडवली, आणि बाप माना खाली घालून घरी गेले. पण बापांनाही काही अब्रू असते. दुसऱ्या दिवशी रामाजी पाच वाजायच्या आधीच फाटकाशी हजर होता. "डाव्या भिवईवर वण," तो सगळ्यांच्या आधी ओरडला. तिसऱ्या दिवशी त्याने आणखी पुढची मजल मारली. "सातचा पाढा न अडखळता म्हनते, हे माह्या पोट्ट्याची खून." चिंधू खुणेची खात्री केल्याशिवाय सोडणारा नव्हता. त्याने चंद्रभानला पाढा म्हणायला लावला, मास्तरांनी बरोबर असल्याची मान हलवली, आणि रामाजी पोराला खांद्यावर घेऊन गावातून लांबच्या रस्त्याने घरी गेला.

मग काय, चढाओढच लागली. नानाजीची कांता चौथीत होती. तो म्हणाला, माझी पोरगी पत्र वाचते, आणि पुरावा म्हणून सासुरवाडीचं पत्र घेऊन आला. त्यात त्याच्याबद्दल जे लिहिलं होतं तेही कांताने खड्या आवाजात वाचून दाखवलं. तरीही तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मास्तरांना ह्या संध्याकाळच्या गर्दीची गंमत वाटे, पण त्यांचा जीव गुंतला होता त्या भिंतीत. काय भिंत होती, असं ते मनाशी म्हणत. एवढी वर्षं आपण उगाच गोड बोलून, छडी दाखवून दमलो. भिंत असती तर सहा गावं हिंडावी लागली नसती.

आणि डिप्टीसाहेबांचा दिवस उजाडला. अण्णाजी नेमके कापूस घेऊन सेलूला गेले होते. डिप्टीसाहेब सायकलवरून आले. अंगाने भारदस्त, डोक्यावर काळी टोपी, कपाळाला आठ्या. शाळा कोंडवाड्यात भरते हे ऐकून आठ्यांमध्ये एकीची भर पडली. पण फाटकातून आत आले आणि ते पाहतच राहिले. सगळा पट समोर बसला होता. साहेबांनी गणितं घातली, कविता म्हणवून घेतल्या, आणि मुद्दाम दुपार होईपर्यंत रेंगाळले. पोरं तिथंच होती. कोणीही पाणी प्यायला गेलं नाही.

साहेब चौथीला इतिहास विचारत असताना फाटक वाजलं. अण्णाजींचा सालदार तानबा एक म्हैस घेऊन उभा होता. "तुरीत शिरलती," तो म्हणाला. कोंडवाडा शेवटी कोंडवाडाच. चिंधूने म्हैस आत घेतली, पुन्हा कुलूप घातलं. म्हैस सावली पाहून दुसरीच्या रांगेमागे शांत बसली आणि रवंथ करू लागली.

मास्तरांनी म्हैस ओळखली आणि त्यांचा चेहरा उतरला. डिप्टीसाहेबांच्या जेवणासाठी भागीरथाबाई सकाळपासून वड्यांची डाळ वाटत होत्या. त्या गडबडीत दाव्याची गाठ ढिली राहिली असणार. पण साहेब इतके प्रसन्न होते की म्हैसही त्यांना वर्गातलीच वाटली असावी.

"मास्तर," साहेब म्हणाले, "माझ्या हाताखालच्या कोणत्याही शाळेत दुपारी एवढी मुलं मी पाहिली नाहीत. ही शाळा बंद करण्याचा प्रश्नच नाही."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. हात जोडायला ते वाकले.

"आणि तुमच्यासारखा माणूस इथं कुजवण्यातही अर्थ नाही," साहेब पुढे म्हणाले. "आर्वीच्या पलीकडे माझी एक शाळा आहे. तिथं दुपारी मुलं औषधालाही सापडत नाहीत. तिला भिंत बांधून देतो. तुम्ही पुढच्या महिन्यात तिथं रुजू व्हा."

मास्तर वाकले होते ते तसेच राहिले. पोरं पळाली असती तर आर्वी, आणि पळाली नाहीत तरी आर्वी. तेवढ्यात फाटकापाशी डाळीने भरलेल्या हातांनी भागीरथाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी शेवटची दोन वाक्यं नीट ऐकली होती.

"चिंधूभाऊ, माही म्हैस," त्या म्हणाल्या.

"खून सांगा, मास्तरीनबाई."

"डावं शिंग खाली वळलं हाये. कपाळावर पांढरा टिक्का. अन् नाव घेतलं की पाहते."

चिंधूने फाटक उघडलं, म्हैस बाहेर आली. तिच्या मागोमाग डिप्टीसाहेबही निघाले. जेवणाची वेळ टळत चालली होती आणि पहिल्या घाण्याच्या वड्यांचा वास घरापासून तिथवर आला होता. चिंधू मधे आडवा आला आणि कुलूप लागलं.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"म्हशीचा धनी आलता, सायेब. तुमचा कोन हाये?"

"मी डिप्टी आहे."

"असान. पन धनी पाह्यजे."

"माझा धनी म्हणजे सरकार."

"मंग सरकारले याले सांगा," चिंधू म्हणाला. "खून सांगतली की सोडतो."

साहेबांनी आवाज चढवून पाहिला. सरपंचाला बोलवा म्हणाले, तर सरपंच सेलूला. मास्तर बिचारे ह्या बाजूला हात जोडत होते आणि त्या बाजूलाही. शेवटी त्यांना सुचलं. "चिंधू, ढोराचा धनी तू कोनाले म्हनतं?"

"ज्याच्या घरी चारा खाते त्याले."

"मंग सायेब आज आमच्याकडं जेवनार हायेत. हिनं डाळ वाटली हाये, पाह्य तिचे हात. झाली ना धनीन?"

चिंधूने भागीरथाबाईंच्या हाताकडे पाहिलं. "चालन," तो म्हणाला. "मास्तरीनबाई, सायेब तुमचेच काय?"

साहेबांनी कपाळाच्या आठ्या आवरत्या घेतल्या. "बाई, तुमचे यजमान हिरा आहेत," ते गोड आवाजात म्हणाले. "म्हणून तर त्यांना मोठ्या कामावर नेतो आहे."

भागीरथाबाईंनी म्हशीचं दावं मनगटाला गुंडाळलं. "चिंधूभाऊ," त्या म्हणाल्या, "हा पाहुना आमचा नाई." आणि फाटकासमोरच्या दगडावर बसून राहिल्या.

आता काय करणार? मास्तरांनी बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. तिने ते पाहिलंच नाही. साहेब खुर्चीवर जाऊन बसले. वड्यांचा वास येतच होता. पोरांनी आपापल्या फडक्यातली भाकर काढली आणि साहेबांच्या पोटातला आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला. नानाजीच्या कांताला त्यांची दया आली.

"सायेब," ती जवळ येऊन म्हणाली, "त्या कोपऱ्यात खिंडार हाये. काट्या बाजूले केल्या की जाता येते."

साहेब उठले. मास्तरही उठले. कोपऱ्यात बाभळीच्या फांद्या लोटलेल्या होत्या. कांताने त्या सराईतपणे बाजूला ओढल्या. मागे भिंतीचे दगड निखळलेले आणि पलीकडे लख्ख तुरीचं वावर. साहेबांनी वाकून खिंडार पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि सरळ उभे राहिले.

"आमच्या मापाचं हाये," कांता म्हणाली.

मास्तरांनी खिंडारात हात घालून पाहिला. "केव्हापासून माहीत हाये तुमाले?"

"पयल्या दिवशीपासून, गुर्जी. चंद्रभान जाऊन शेंगाबी घेऊन आलता. मंग आला वापस."

"वापस?" डिप्टीसाहेबांनी विचारलं. "बाहेर गेला होता तर परत कशाला आला?"

कांताने मास्तरांकडे पाहिलं. एवढा मोठा साहेब आणि त्याला हेही समजू नये, ह्याचं तिला नवल वाटलं असावं.

"संध्याकाळी बाप सोडवाले येते ना," ती म्हणाली. "आमी आत नाई राह्यलो त तो खून कोनाची सांगन?"

चिंधू तंबाखू मळायचा थांबला. मास्तरांना वाईट वाटलं, कारण भिंतीवरचा त्यांचा विश्वास त्या खिंडारातून निघून गेला होता. आणि बरंही वाटलं, इतकं बरं की त्यांना पोरांकडे पाहवेना. डिप्टीसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. नागपूरला त्यांची दोन मुलं होती. महिन्यातले बहुतेक दिवस साहेब सायकलवर आणि मुलं त्यांच्या आईजवळ. धाकट्याला पाढे कुठवर येतात, हे त्यांना सांगता आलं नसतं. फाटकाशी उभं करून कोणी विचारलं असतं तर दोन पाय आहेत, एवढंच त्यांनीही सांगितलं असतं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्हाला आर्वीला नेऊन काही फायदा नाही."

"नाही साहेब," मास्तर पडल्या आवाजात म्हणाले.

"भिंत नेऊनही नाही. न्यायचे तर ह्या गावचे बाप न्यावे लागतील, आणि ते वावर सोडून यायचे नाहीत." साहेब फाटकापाशी गेले. "बाई, तुमचे यजमान इथंच राहतील. मी आहे तोवर त्यांना कोणी हलवणार नाही. हा माझा शब्द."

भागीरथाबाई उठल्या. पदर सारखा केला. "चिंधूभाऊ, हे आमचे पाहुने."

"खून सांगा," चिंधू म्हणाला.

भागीरथाबाईंनी डिप्टीसाहेबांना टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं. साहेब परीक्षेला बसल्यासारखे उभे होते.

"दिलेला शब्द फिरवत नाई," त्या म्हणाल्या. "हेच खून."

चिंधू विचारात पडला. "हे खून आंगावर दिसत नाई, मास्तरीनबाई."

"दिसन. पोळ्यापर्यंत वाट पाहू. नाई दिसली त पुन्हा आनून कोंडजो."

चिंधूला हे रास्त वाटलं. त्याने करगोट्याची किल्ली काढली, साहेब बाहेर आले, आणि त्यांच्या मागून पाऊल टाकणाऱ्या मास्तरांच्या तोंडावर फाटक पुन्हा लागलं.

"अरे चिंधू, अन् मी? वडे निवून राह्यले."

"शाळा सुटाची हाये अजून, गुर्जी," चिंधू म्हणाला.

पुढे म्हैस, मधे सायकल ढकलत डिप्टीसाहेब आणि मागे भागीरथाबाई अशी वरात घराकडे निघाली होती. नवऱ्याचा आवाज ऐकून त्या वळल्या.

"तुमी शिकवा. पाचले येतो मी तुमाले सोडवाले."

मास्तरांनी दोन्ही हातांनी फाटकाची बल्ली धरली. पोरं मागे हसत होती, त्याची त्यांना पर्वा नव्हती.

"अन् माही खून काय सांगशीन?"

भागीरथाबाईंनी म्हशीला हाकललं. "ते मले माहीत हाये," त्या म्हणाल्या.